स्ट्रिपिंग बास्केटमध्ये लाइन सारखी गुंतते? आधी फुकटच्या तपासण्या, मग खर्चाच्या

अमेरिकेच्या ईशान्येला केप कॉड, प्लम आयलंड किंवा ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर फ्लाय रॉड घेऊन स्ट्राइप्ड बास या माशाच्या मागे लागलेल्या प्रत्येकाची ही तक्रार असते. कमरेला बास्केट आहे, लाइन आत नीट पडतेय असं वाटतं, पण कास्ट सोडला, म्हणजे लाइन फेकली, की ती अर्ध्या वाटेत थबकते आणि गुंत्याचा गोळा रॉडच्या कडीला, म्हणजे गाइडला, येऊन बसतो. मे महिन्यात मासा उत्तरेकडे सरकला की ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी बास्केट घेऊन माझ्याकडे येतं आणि विचारतं, "आता दुसरी कुठली घेऊ?" तूर्तास कुठलीच घेऊ नका. दोष बास्केटचा क्वचितच असतो. लाइन आत कुठल्या क्रमाने गेली, किती गेली आणि तिची अवस्था काय होती, यातच बहुतेक गुंत्यांचं मूळ सापडतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. फ्लायला, म्हणजे पिसं-केस बांधलेल्या गळाला, फेकण्यापुरतं वजन नसतं. वजन असतं ते जाड लाइनला. फ्लाय पाण्यात पळवायची तर ती लाइन हाताने ओढून परत घ्यावी लागते, आणि ओढलेली लाइन पुढच्या कास्टपर्यंत कुठेतरी ठेवावी लागते. पायाशी सोडली तर लाट ती घोट्याभोवती गुंडाळते, वाळूत पुरते, शेवाळात घालते. म्हणून कमरेला टोपली.

लक्षणं

गुंता सोडवायची घाई करू नका. तो नेमका कुठे आहे आणि कधी झाला, हे आधी बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

पहिलाच कास्ट गुंततो आणि पुढचे ठीक जातात, तर लाइन आत उलट क्रमाने पडली आहे.

सुरुवातीला सगळं छान आणि तासाभराने गुंते वाढत जातात, तर लाइनमध्ये पीळ साठतोय, किंवा आत गरजेपेक्षा जास्त लाइन आहे, किंवा वाळू-मीठ चढलंय.

लाइन जाता जाता टक्कन थांबते, फ्लाय मागे उसळते आणि बघावं तर आत गुंता नाहीच, तर लाइन बास्केटबाहेर कशाला तरी अडकली: रिळाची मूठ, जॅकेटची चेन, घड्याळ.

सकाळच्या गारठ्यात लाइन स्प्रिंगसारखी वेटोळी धरते आणि ऊन चढल्यावर सुधारते, तर लाइनला रिळाच्या आकाराची सवय लागली आहे, किंवा लाइनच गरम हवेसाठी बनवलेली आहे.

चालल्यावर किंवा लाट अंगावर आल्यावरच गुंतते, तर बास्केट झुकते आहे, हलते आहे किंवा पाण्याने भरते आहे. खरोखर बास्केटमुळे होणारा त्रास तो हाच.

लाइन आत कुठल्या क्रमाने पडली?

एक पैसाही न लागणारी ही तपासणी सगळ्यात आधी करा, कारण सर्वाधिक गुंते इथे सुटतात.

किनाऱ्यावर पोचल्यावर आपण रिळावरून लाइन ओढत जातो आणि ती बास्केटमध्ये पडत जाते. फ्लायच्या बाजूची लाइन आधी निघते, म्हणून तळाशी बसते. रिळाच्या बाजूची सगळ्यात शेवटी निघते, म्हणून वर पडते. कास्टमध्ये मात्र फ्लायच्या बाजूची लाइन आधी जायला हवी. ती तळातून उपसली जाते आणि वरची सगळी वेटोळी सोबत उचलते. मग ती बास्केट कितीही महागाची असो, गोळा होणारच.

यासाठी पहिले दोन-तीन कास्ट मासेमारीचे समजूच नका. थोडी लाइन काढा, छोटा कास्ट टाका, आणखी थोडी काढा, पुन्हा टाका. जेवढी लाइन वापरायची आहे तेवढी सगळी एकदा पाण्यावर जाऊ दे. मग ती ओढून बास्केटमध्ये घ्या. आता रिळाकडची लाइन तळाशी आणि फ्लायकडची वर, असा थर सरळ लागतो. मासा रिळावर लढवून सोडून दिल्यावरही हेच पुन्हा करायचं, कारण लाइन रिळावर गेली की क्रम परत उलटा झालेला असतो. जागा बदलताना टोपलीतली लाइन उसळते आणि थर मोडतो. म्हणून चार पावलांपेक्षा जास्त चालायचं असेल तर लाइन रिळावर घ्या, किंवा नव्या जागी पहिला कास्ट फक्त थर लावण्यासाठी टाका. पाण्यात मासे उसळताना दिसत असतील तेव्हा हे जिवावर येतं, मला कळतं. पण गुंता सोडवत बसलं की थवा पुढे निघून जातो, आणि थर लावायला लागतो जेमतेम एक कास्ट.

लाइन जास्त आहे का?

पूर्ण फ्लाय लाइन साधारण १०० फुटांची असते. वारा समोरून असताना, छातीपर्यंतचे वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घालून, लाटेत उभं राहून आपल्यापैकी बहुतेक जण ६०-७० फुटांपर्यंत टाकतात. तरीही बास्केटमध्ये ९० फूट लाइन कशाला? जी लाइन कधीच बाहेर जात नाही ती तळाशी पडून राहते, प्रत्येक कास्टला थोडी हलते, वरची वेटोळी तिच्यात रुततात आणि एका चांगल्या कास्टला सगळा पुंजका एकदम उचलला जातो. उरलेली लाइन गुंत्याचं बी असते.

हिरवळीवर जाऊन सलग सहज जमतो तेवढा कास्ट टाका आणि त्या वेळी रिळापाशी लाइन जिथे आहे तिथे पक्क्या शाईच्या मार्करने खूण करा. किनाऱ्यावर त्या खुणेच्या पुढे लाइन काढायचीच नाही. बासची मासेमारी बरीचशी अंधारात होते, तेव्हा खूण दिसत नाही. म्हणून त्या जागी बारीक नायलॉनची 'नेल नॉट' नावाची गाठ बांधून त्यावर थेंबभर लवचीक गोंद लावा. बोटाला गाठ लागली की थांबायचं.

याच गाठीची बहीण लाइनच्या डोक्याच्या मागच्या टोकाला बांधा. 'डोकं' म्हणजे पुढचा ३०-४० फुटांचा जाड, जड भाग. ओढताना ही गाठ बोटात आली की जाड भाग आता आत यायला लागेल हे कळतं. तो सगळाच्या सगळा बास्केटमध्ये घेतला तर मागच्या बारीक लाइनच्या वेटोळ्यांवर त्याचं वजन बसतं आणि ती एकमेकांत दाबली जातात. मासा अगदी पायापाशी येऊन फ्लाय घेतो, तेव्हा शेवटपर्यंत ओढावं लागतं, हे खरं. तेव्हा ओढा. पण एरवी १५-२० फूट जाड भाग बाहेर ठेवून तिथूनच पुढचा कास्ट उचलला तर गुंतेही कमी आणि हवेतल्या फेऱ्याही कमी.

अंगावर काय काय आहे?

आरशासमोर पूर्ण वेशात उभे राहा: वेडर्स, जॅकेट, कमरेचा पट्टा, बास्केट, हातात रॉड. आता लाइनच्या नजरेने बघा. छातीवर लटकणारी चिमटी, जॅकेटच्या चेनची लोंबती दोरी, पट्ट्याचं मोकळं टोक, मनगटावरचं घड्याळ, टॉर्चची पट्टी, कातरीची गुंडाळणारी दोरी. सुटलेली लाइन हवेत डोलत वर येते आणि यातलं काहीही पकडते. जे काढता येईल ते काढा, उरलेलं पाठीकडे न्या, नाहीतर वरून साधं रेनकोटसारखं गुळगुळीत जॅकेट घाला.

रिळाची मूठ आणि रॉडचा बुंधा काढता येत नाहीत. तिथे दोष हाताचा असतो. कास्ट सोडताना लाइन हातातून पूर्ण सोडून दिली की ती मोकळी फडफडते आणि मुठीला वेढा घालते. सोडायच्या क्षणी अंगठा आणि तर्जनीची सैल कडी करा आणि लाइन त्या कडीतून जाऊ द्या. हात बास्केट आणि पहिल्या गाइडच्या मधे राहतो, लाइन सरळ रांगेत जाते, आणि फ्लाय पडल्याबरोबर लाइन बोटात असल्यामुळे तिला शोधावं लागत नाही. अंधारात याचा फायदा फार मोठा.

बास्केट कुठे आणि कशी बांधली आहे?

हात सैल सोडून उभे राहा आणि लाइन ओढताना जसा ओढाल तसा हात मागे न्या. ओढ संपते तिथे हाताखाली बास्केट असली पाहिजे. कोपर वाकवून हात मुद्दाम आत न्यावा लागत असेल तर ती फार वर बांधली आहे. लाइन काठावरून बाहेर पडत असेल तर फार बाजूला आहे. एका हाताने ओढणाऱ्यांनी ती ओढणाऱ्या हाताच्या मांडीवर घ्यावी. रॉड काखेत धरून दोन्ही हातांनी ओढणाऱ्यांनी बरोबर समोर, थोडी खाली.

पट्टा ढिला झाला की बास्केटची बाहेरची कड खाली झुकते आणि सगळी लाइन एका कोपऱ्यात सरकते. तिथे वेटोळ्यांचा ढीग झाला की वेटोळी वेगळी ठेवायला तळाला उभे काटे असून उपयोग नाही, कारण ते ढिगाखाली गाडले जातात. तळ सपाट किंवा किंचित अंगाकडे झुकलेला असावा. ताणाचा रबरी पट्टा पाण्यात भिजून आणि उन्हात तापून लांबतो, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला नीट बसलेली बास्केट ऑगस्टमध्ये लोंबायला लागते. पट्टा बदलायला फार खर्च येत नाही.

ओढतानाही लाइन एकाच जागी टाकू नका. कंबर जरा या अंगाला, जरा त्या अंगाला केली की वेटोळी पसरून पडतात. वारा जोराचा असेल तर शरीर थोडं वळवून बास्केट आडोशाला घ्या. बिनभोकांची बास्केट असेल तर तळात बोटभर पाणी ठेवा. ओली लाइन वाऱ्याने उडत नाही.

पीळ आणि वेटोळी

इथपर्यंत सगळं ठीक असूनही त्रास होत असेल तर आता लाइन तपासा. अजून पैसे लागत नाहीत, फक्त वेळ लागतो.

लाइनचा हातभर लांब तुकडा दोन्ही हातांत धरा आणि हात हळूहळू जवळ आणा. मधला झोळ सरळ लोंबला तर पीळ नाही. झोळ स्वतःभोवती गरगर फिरून दोरखंडासारखा वळला तर पीळ भरलेला आहे. अशी लाइन बास्केटमध्ये पडली की आपोआप आठच्या आकड्यात वळते आणि शेजारच्या वेटोळ्याला मिठी मारते.

पीळ येतो कुठून? एक म्हणजे हवेत गरगरणाऱ्या फ्लायमुळे. क्लाउझर मिनोसारखी जड डोळ्यांची फ्लाय सरळ बांधलेली असली तर ठीक, पण केस एका अंगाला सरकले किंवा डोळे तिरके झाले की ती प्रत्येक कास्टला फिरते. पायाशी पाण्यात ओढून बघा. फिरत असेल तर बदला. दुसरं कारण लंबगोल कास्ट. समुद्रावर जड फ्लाय आणि वारा असला की मागचा कास्ट बाजूने आणि पुढचा डोक्यावरून टाकतात. ते सुरक्षित आहे, तसं टाकणं सोडू नका, पण प्रत्येक फेरीला लाइनमध्ये थोडा पीळ जमतो हे लक्षात ठेवा.

काढायचा कसा? फ्लाय कापून टाका. ओहोटीचं पाणी जिथे जोरात बाहेर पडतं तिथे, म्हणजे नदीच्या मुखाशी किंवा ऱ्होड आयलंडच्या चार्ल्सटाउन, क्वानोकॉन्टॉग यांच्यासारख्या दगडी बांधाच्या कालव्यांच्या काठावर, सगळी लाइन प्रवाहात सोडा. मोकळं टोक स्वतः फिरून पीळ सोडतं. काही मिनिटांनी बोटांच्या चिमटीतून हळू रिळावर घ्या. प्रवाह नसेल तर फ्लाय न लावता लाइन हिरवळीवर ओढत फिरलात तरी चालतं. डांबरी रस्त्यावर किंवा वाळूवर नको, लाइनवरचा प्लास्टिकचा लेप खरवडला जातो.

रिळावर पडून लाइनला लागलेली वेटोळ्यांची सवय वेगळी. तिला ताण द्यावा लागतो. लाइन हातभर-हातभर धरून सावकाश ताणा, काही सेकंद तशीच धरा, सोडा, पुढे जा. झटका द्यायचा नाही. बारीक लाइन बोटं कापते, म्हणून हातमोजा किंवा फडकं घ्या. सोबती असेल तर एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने मागे चालत जायचं. मोठ्या गाभ्याच्या रिळावर वेटोळी मोठी पडतात आणि त्रास कमी होतो, पण त्यासाठी नवं रीळ घ्यायला मी कुणाला सांगत नाही. सकाळी दोन मिनिटं लाइन ताणली की भागतं.

गरम आणि थंड हवेच्या लाइनी वेगळ्या असतात, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं. उष्ण कटिबंधासाठीच्या लाइनचा गाभा (लेपाच्या आतला दोरा) ताठ आणि लेप कडक असतो. मे महिन्यात केप कॉडचं पाणी १०-१२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, त्यात ती तारेसारखी होते आणि कितीही ताणली तरी परत वळते. उलट थंड पाण्याची मऊ लाइन घेऊन सुटीत घरी गेलात आणि मालवण-गोव्याच्या खडकांवर जिताड्याला फ्लाय टाकायला उभे राहिलात, तर उन्हात ती लिबलिबीत आणि चिकट होते, आणि बास्केटमध्ये वेटोळ्याला वेटोळं चिकटून बसतं. फ्लोरिडाची सुटी आणि केप कॉडचा मोसम एकाच लाइनवर निभावणाऱ्यांनी डब्यावर काय लिहिलंय ते बघावं.

लाइन स्वच्छ आहे का?

दोन बोटांत ओला पांढरा रुमाल धरून त्यातून दहा फूट लाइन ओढा. करडी रेघ उमटली तर लाइन मळली आहे. मीठ, बारीक वाळू, शेवाळ यांचा थर चढला की लाइन घसरत नाही. खालची वेटोळी वरच्यांना धरून वर येतात. केपच्या बाहेरच्या किनाऱ्यावर काही दिवस पाण्यात तांबूस-तपकिरी शेवाळाची दाट लापशी असते, इथले लोक तिला मंग म्हणतात. अशा दिवशी लाइन दर थोड्या वेळाने बोटांनी निपटत राहा, नाहीतर जागा बदला. मंगमध्ये कुठलीच युक्ती चालत नाही.

घरी बादलीत कोमट पाणी घ्या, सौम्य साबणाचे दोन थेंब टाका, लाइन त्यात सोडा आणि मऊ फडक्यातून रिळावर घ्या. मग साध्या पाण्याने तेच करा. भांड्यांचा तीव्र साबण नको, तो लेपातला मऊपणा काढून घेतो. कोरडी झाल्यावर लाइनसाठी मिळणारं वंगण पातळ लावा. बास्केटही धुवा. तळाला सुकलेलं मीठ सॅंडपेपरसारखं काम करतं.

आणि डासांच्या औषधाबद्दल हे नक्की पाळा. जुलैत प्लम आयलंडच्या दलदलीकडे ग्रीनहेड माश्या अंगाचे लचके तोडतात, तेव्हा सगळेच औषध फासतात. त्यात डीट नावाचं रसायन असेल तर ते प्लास्टिक विरघळवतं. तळहाताला लागलेलं डीट लाइनला लागलं की लेप चिकट होतो आणि पुढे भेगाळतो. त्याला इलाज नाही. पिकारिडिनचं औषध घ्या, ते प्लास्टिकला काही करत नाही. सनस्क्रीनही मनगटाने किंवा हाताच्या पाठीने लावा आणि तळहात वाळूने घासून धुवा.

बास्केटचं अंतरंग

आता बास्केटकडे वळू. जुना नायलॉनचा पायमोजा हातावर चढवा आणि आतून सगळीकडे फिरवा: काठ, कोपरे, काटे, भोकांच्या कडा. मोजा जिथे अडकेल तिथे लाइनही अडकते. बोटाला जी कुसळ जाणवत नाही ती मोज्याला सापडते. बारीक सॅंडपेपरने घासली की झालं.

काट्यांचं काम एवढंच की वेटोळी आपापल्या जागी राहावीत, सरकून एका कोपऱ्यात जाऊ नयेत. काटे तीन इंचांच्या आसपास उंच आणि तेवढ्याच अंतरावर असले की ठीक. फार बुटके असले तर लाइन वरून घसरते. झिप टायचे घरगुती काटे लावले असतील तर कापलेलं टोक सुरीसारखं धारदार राहतं आणि लेप सोलतं. लायटरची आच क्षणभर दाखवून ते टोक गोल करा. त्याहून चांगलं म्हणजे ८०-१०० पौंड ताण सोसणाऱ्या जाड नायलॉनचे वळसे. दोन भोकांतून कमानीसारखे घालायचे, खालून गोंद लावायचा. टोकच नाही, तर अडकायचा प्रश्न नाही.

पाणी निचरायच्या भोकांवरून किनाऱ्यावर बराच वाद चालतो. माझं मत तुम्ही कुठे उभे राहता त्यावर अवलंबून आहे. वाळूवर, गुडघाभर पाण्यात, लाटा काठावरून आत येणार असतील तर भोकं हवीत, नाहीतर बास्केट भरून जड होते. ब्रूस्टरच्या सपाट वाळूवर किंवा खाडीत कमरेपर्यंत शांत पाण्यात उतरत असाल तर भोकं नकोत, कारण तिथे पाणी खालून वर येतं आणि लाइन तरंगून काठावरून निघून जाते. भोकं पाडायचीच तर करंगळी जाणार नाही एवढी लहान. मोठ्या भोकातून लाइनचा फास खाली लोंबतो, लाट त्याला बाहेर ओढते, आणि पुढचा कास्ट तिथे ठप्प.

नवी घ्यायचीच असेल तर

वरचं सगळं करून झाल्यावर जे कारण उरेल त्यावरून निवड करा. जाळीच्या घडीच्या बास्केट प्रवासाला उत्तम, वजनाला हलक्या, बोटीवर किंवा शांत पाण्यात पुरेशा. पण वाऱ्यात त्यांची भिंत आत दुमडते आणि लाटेने उलट्या होतात. मोकळ्या समुद्रावर मी कडक प्लास्टिकचीच घ्यायला सांगतो: अंगाच्या बाजूला कमरेसारखा बाक, कमीत कमी सहा इंच खोली, तळाला काटे. दुकानात रॉड सोबत न्या, बास्केट बांधा, ओढायचा हात चालवून बघा आणि खाली वाकून पायऱ्या चढल्यासारखे गुडघे उचला. गुडघा लागत असेल तर दगडी बांधावर ती तुम्हाला पाडेल.

घरी करायची तर भांडी धुवायचा साधा चौकोनी प्लास्टिकचा टब घ्या, साधारण १४ इंच बाय १२ इंच. त्यात नायलॉनचे वळसे आणि रबरी पट्टा लावला की दहा-पंधरा डॉलरमध्ये काम होतं. इथले कितीतरी मुरलेले लोक अजून हेच वापरतात आणि बाजारातल्या बास्केटपेक्षा त्यात काही कमी नाही.

एक अट मात्र दोन्हींना सारखीच लागू आहे. बकल एका हाताने, हातमोजा घालून, न बघता उघडलं पाहिजे. लाटेने पाय उखडला तर पाण्याने भरलेली टोपली तुम्हाला ओढत नेते. वेडर्सचा पट्टा आत, घट्ट आणि कायम बांधलेला. बास्केटचा पट्टा त्याच्यावर, वेगळा, सुटणारा. दोन्हींचं काम एका पट्ट्यावर भागवू नका.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

लाइन बोटावर वाकवून बघा. लेपात आडव्या भेगा दिसल्या किंवा आतला गाभा उघडा पडला असेल तर धुणं, ताणणं, वंगण सगळं व्यर्थ आहे. समुद्राची चांगली लाइन शंभर डॉलरच्या आसपास जाते. ती फ्लाय शॉपमधूनच रिळावर चढवून घ्या. घरी चढवताना डब्याच्या बाजूने वेटोळी सुटली तर नव्या लाइनमध्ये पहिल्या दिवसापासून पीळ भरतो, आणि दुकानात मशीनवर ते काम पाच मिनिटांत होतं.

रॉडच्या गाइडमध्ये कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले तर कडीला चीर आहे. गुंत्याचा गोळा वेगाने आदळून ती पडलेली असू शकते. गाइड बदलणं, पुन्हा दोरा गुंडाळणं, लेप देणं हे रॉड दुरुस्त करणाऱ्याचं काम. रॉडलाच चीर दिसली तर कास्ट टाकणं त्याच क्षणी बंद करा.

लाइन नवी, बास्केट ठीक, क्रम बरोबर, तरीही मोकळी लाइन दर वेळी रिळाला वेढा घालते, तर उरतो कास्ट. हे व्हिडिओ बघून सुटत नाही, कारण आपला हात आपल्याला दिसत नाही. फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल ही संस्था कास्टिंग शिकवणाऱ्यांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. तसा शिक्षक गाठा आणि बास्केट बांधूनच शिकवणीला जा.

मासा लागलेला असताना गोळा कडीत अडकला तर रॉड वर उचलू नका, तो मोडेल. रॉडचं टोक सरळ माशाकडे करा आणि ताण लाइन आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या बारीक नायलॉनवर येऊ द्या. सुटलाच तर गाठीपाशी, छोट्या दोऱ्यासह सुटू दे. मागे लांब लाइन घेऊन गेलेला बास दगडात अडकून मरतो. २०२३ पासून इथे २८ ते ३१ इंचांमधला, दिवसाला एकच मासा ठेवता येतो. म्हणजे लागलेले बहुतेक मासे परतच जायचे असतात. गुंत्यामुळे लढाई लांबली तर दमलेल्या माशाला पाण्यात धरून, स्वतःच्या शेपटीच्या जोरावर निघेपर्यंत सोडू नका.

गुंत्याने अडलेली फ्लाय उलट उसळून अंगाला लागते, हा धोका सगळ्यात मोठा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून ठेवा आणि रात्रीही पारदर्शक चष्मा लावा. गळ हाताच्या कातडीत वरवर रुतला असेल तर ज्याला काढता येतो त्याने काढावा. चेहरा, मान, सांधा, किंवा बोट हलवताना दुखत असेल तर हात लावू नका, लाइन कापून फ्लाय तिथेच ठेवून इमर्जन्सीला जा. डोळ्यात किंवा पापणीत गेला तर ओढायचा नाही, दाबायचा नाही. वरून कागदी पेला उपडा धरून अलगद झाका, ९११ लावा आणि गाडी स्वतः चालवू नका.